कुपीतले दप्तर

शिवालिकच्या पायथ्याशी ल कार्बूझिएच्या आराखड्यावर वसविलेल्या चंदीगड शहरात पेठांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. आणि ज्याचे पाय पुण्याच्या शनिवार-सदाशिव पेठांना सरावलेले आहेत अशा मराठी माणसास, आपण एखाद्या गावात नव्हे तर कोण्या शिस्तीच्या कारकुनाने आखलेल्या खातेवहीत येऊन उतरलो की काय, असे पहिल्या दिवशी वाटले तर त्यात नवल नाही. या वहीतले एकोणचाळिसावे पान, म्हणजे सेक्टर ३९, प्रवाशांच्या वाटेवर सहसा येत नाही; सुखना सरोवर तेथून दूर आणि नेकचंदांची शिल्पबागही दूर. तथापि आजच्या जगद्व्यापी व्यापारात न्याय कोठून येतो आणि कोठे अडून राहतो हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने एक दिवस या सेक्टरासाठी राखून ठेवावा; कारण या एकाच क्रमांकाखाली दोन कोठारे नांदतात, आणि त्यांपैकी एकात गव्हाची पोती असतात, तर दुसऱ्यात बोटाएवढ्या काचेच्या कुप्या.

पहिले कोठार म्हणजे येथील धान्यमंडी. वैशाखीच्या सुमारास गव्हाच्या ट्रॉल्या येथे रित्या होतात, ढिगांतला भुसा पाखडून निघतो, दाण्यातला ओलावा मोजला जातो, काटा होतो, गोणीचे तोंड शिवले जाते, आणि सरकारने अगोदरच जाहीर केलेल्या हमीभावाने खरेदी झालेला माल गुदामाकडे रवाना होतो. पंजाबाकडील मंड्यांत आडत्याने शेतकऱ्यास द्यावयाच्या विक्रीपावतीस ‘जे-फॉर्म’ म्हणतात. आपल्याकडे लासलगावला किंवा लातूरला बाजार समितीच्या आवारात जी हिशेबपट्टी हाती पडते, तिचाच हा भाऊबंद. गहू एकदा गुदामातल्या गव्हात मिसळला की कोणता दाणा कोणाच्या वावरातला, हे ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही; त्यानंतर शेतकऱ्याचा हक्क जिवंत राहतो तो त्या कागदाच्या आधारानेच. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवून दुसऱ्या कोठाराकडे वळावे.

ते कोठार वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला लोक ‘इमटेक’ या आद्याक्षरी नावानेच ओळखतात. जिवाणू, बुरशी, किण्व अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रजेचा एक मोठा संग्रह येथे सांभाळला जातो. सांभाळण्याची रीत मोठी कौतुकाची आहे. जिवाणूंची दाट वाढ साय काढलेल्या दुधासारख्या एखाद्या संरक्षक द्रवात कालवावयाची, तिचे चार थेंब कुपीत घालावयाचे, ते गोठवून निर्वात स्थितीत त्यांतले पाणी बर्फाचे थेट वाफ करून काढून घ्यावयाचे, आणि मग ज्योतीवर काच वितळवून कुपीचा गळा कायमचा मिटावयाचा. तळाशी उरते ती चिमूटभर पांढुरकी भुकटी. ती मृत नसते, तशी जिवंतपणाची कोणतीही खूणही दाखवीत नसते. पुढे केव्हा तरी कोणी कानसीने काचेवर चरा पाडून कुपी मोडतो, पोषक द्रवाचे थेंब आत सोडतो, आणि वर्षानुवर्षे निजलेली ती प्रजा एका रात्रीत उठून वाढीस लागते. काही प्रकार याहून खोल निद्रेत, द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश थंडाव्यात ठेवलेले असतात.

आता हा खटाटोप आणि जागतिक व्यापार यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. एकस्व, ज्याला व्यवहारात आपण पेटंट म्हणतो, तो मुळात संशोधक आणि समाज यांच्यातला एक करारनामा असतो. संशोधकाने आपली युक्ती अशी उलगडून लिहावी की त्या विषयातला दुसरा जाणकार ती वाचून तेच कार्य करू शकेल. आणि त्या मोबदल्यात समाजाने त्यास काही वर्षांचा मक्ता द्यावा. यंत्राची आकृती काढून देता येते, रसायनाची कृती लिहून देता येते. परंतु अमुक डबक्यातल्या अमुक जिवाणूचे वर्णन कितीही पाने भरून लिहिले तरी त्या वर्णनातून तो जिवाणू कोणासही निर्माण करता येत नाही. म्हणून शब्दांच्या जागी प्रत्यक्ष जीवच ठेव म्हणून जमा करण्याची प्रथा पडली. आणि प्रत्येक देशात निराळी ठेव ठेवण्याचा जाच टळावा यासाठी १९७७ साली बुडापेस्ट येथे एक तह झाला, ज्याच्या अन्वये मान्यताप्राप्त एका संग्रहालयात ठेवलेली कुपी सर्व सभासद देशांत ग्राह्य धरली जाऊ लागली. भारत या तहात २००१ च्या डिसेंबरात सामील झाला. ४ ऑक्टोबर २००२ रोजी सेक्टर ३९ मधील हा संग्रह आंतरराष्ट्रीय ठेवसंस्था म्हणून मान्यता पावला. देशातला हा असा पहिलाच. २०११ साली पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संग्रहालाही तोच दर्जा मिळाला.

ठेवीचे नियम वाचले की जुन्या पेढीवरच्या मुनिमाची आठवण व्हावी. कुपी स्वीकारल्याची पावती दिली जाते. ठेवलेला जीव खरोखरी जिवंत आहे का, याची परीक्षा होऊन त्याचा स्वतंत्र दाखला मिळतो. ठेव कमीत कमी तीस वर्षे, आणि नमुन्याची शेवटची मागणी आल्यापासून निदान पाच वर्षे, सांभाळावी लागते. आणि ठेवणाऱ्याच्या मनात आले म्हणून मुदतीपूर्वी त्यास ती परत नेता येत नाही, कारण ती आता एकट्याची राहिलेली नसून समाजाशी झालेल्या कराराचा पुरावा बनलेली असते. कायद्याप्रमाणे अधिकार असलेल्याने मागणी केली तर नमुना द्यावाच लागतो, मग तो मागणारा स्पर्धक का असेना. एवढीशी कुपी, परंतु तिच्या मागे असे संपूर्ण दप्तर उभे असते.

‘दप्तर’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. पेशवाई गेली, तिची फौज गेली, वाडे जळाले. राहिले ते पुण्याचे पेशवे दप्तर, आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले, तेव्हा इतिहासातल्या कित्येक वादांचा निवाडा त्या रुमालांतून झाला. वतनाचा तंटा असो वा शिवेचा, ज्याच्याजवळ सनद त्याची बाजू बळकट, हा अनुभव मराठी मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. ‘सुशासन’ हा अलीकडे परिषदांतून फार वापरला जाणारा शब्द; त्याचा अर्थ पुष्कळदा उदात्त संकल्पांच्या धुक्यात हरवतो. माझ्या मते त्याचा गाभा फार साधा आहे: कोणाचे काय होते, कोणी काय नेले आणि मोबदल्यात काय दिले, याची नोंद दुर्बलाच्या हाती राहील अशी व्यवस्था. ती असेल तेथे जागतिकीकरण सुसह्य होते. नसेल तेथे सबळाचे फावते.

नोंद नसली की काय होते, याची उदाहरणे सूक्ष्मजीवांच्या राज्यातच मुबलक आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील उष्ण झऱ्यांत १९६० नंतरच्या दशकात टॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला एक जिवाणू सापडला आणि तो त्याने निरिच्छपणे एका सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला. पुढे एका कंपनीने त्याची कुपी, असे सांगतात, अवघ्या ३५ डॉलरांना नेली. उकळीच्या जवळपासच्या उष्णतेतही न बिघडणाऱ्या त्याच्या विकरावर जनुकांच्या प्रती काढण्याचे अद्भुत तंत्र उभे राहिले. आणि १९९१ साली त्या तंत्राचे हक्क ३० कोटी डॉलरांना विकले गेले. ज्या उद्यानाने ते झरे जपले त्याच्या पदरी यातला एक छदामही पडला नाही. धनाढ्य देशातल्या उद्यानाची ही गत, तर महासागरातल्या एकाकी बेटाची काय कथा! १९६४ साली कॅनडाहून गेलेल्या एका वैद्यकीय तुकडीने ईस्टर बेटावरील, म्हणजे तेथील लोकांच्या भाषेत रापा नुईवरील, मातीचे नमुने आणले. त्यांतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या संशोधकाने एक औषधी द्रव्य वेगळे केले. त्याच्या कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्या गृहस्थाने ते जिवाणू घरच्या शीतपेटीत जपून ठेवले, आणि त्या चिकाटीपायी रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठीचे औषध जगाला मिळाले. औषधाच्या नावात बेटाचे नाव आले, ‘रापामायसिन’. नफ्यात मात्र बेटाचे नाव कोठेच आले नाही. येथे कोणी चोरी केली असे म्हणता येत नाही, आणि हीच या प्रकरणातली खरी मेख आहे: तेव्हा मोडावयास नियमच नव्हता.

नियम झाले ते एका बाजूने आधी झाले. १९८० साली आनंदमोहन चक्रवर्ती यांच्या खनिज तेल पचविणाऱ्या जिवाणूच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सजीवावर एकस्व देता येते असा निर्णय दिला. १९९५ च्या १ जानेवारीस जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, आणि तिच्याबरोबर आलेल्या बौद्धिक संपदेच्या कराराने सभासद देशांना वनस्पती व प्राणी एकस्वातून वगळण्याची मुभा दिली खरी, पण सूक्ष्मजीवांच्या बाबतीत ती दिली नाही. याउलट, जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे आणि तिच्या लाभात मूळ राखणदारांचा वाटा असला पाहिजे, हे १९९२ साली रिओ येथे झालेल्या जैवविविधता कराराचे तत्त्व. एका करारामागे व्यापारी निर्बंधांचा बडगा, तर दुसऱ्यामागे सदिच्छा. त्या सदिच्छेला नियमांचे हातपाय फुटले ते २०१० च्या नागोया प्रोटोकॉलने, जो अंमलात येण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

दप्तराचा प्रताप आपल्याकडे प्रथम दिसला तो हळदीच्या खटल्यात. जखमेवर हळद लावावी हे येथल्या कोणत्याही आजीबाईस ठाऊक. तरी १९९५ साली अमेरिकेत याच गुणावर एकस्व दिले गेले. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा वाहिलेले रघुनाथ माशेलकर. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने हरकत घेतली. परंतु आजीबाईची साक्ष तेथे चालणार नव्हती. लिखित आणि प्रसिद्ध पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले बत्तीस संदर्भ गोळा झाले, त्यांत १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेखही होता. आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. यातून जो धडा मिळाला तो विजयापेक्षा मोलाचा ठरला. प्रत्येक काढ्यासाठी असे परदेशी खटले लढणे परवडणारे नव्हते. म्हणून २००१ पासून आयुर्वेदादी ग्रंथांतल्या योगांची नोंद इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत करणारे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यात आले, जेणेकरून परदेशी परीक्षकाने निर्णयापूर्वीच ते उघडून पाहावे.

२००२ साली आपल्या संसदेने जैविक विविधता कायदा केला. त्यान्वये येथील जैविक संपत्तीवर आधारलेले एकस्व मिळवावयाचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची दारे ठोठावणे भाग पडले; शिवाय एकस्व कायद्यातही अर्जात जैविक द्रव्याचे उगमस्थान सांगण्याची अट आली, आणि ते दडविणे हे एकस्व रद्द होण्यास कारण ठरू लागले. या साखळीची सर्वांत खालची, म्हणून सर्वांत महत्त्वाची, कडी म्हणजे ग्रामपातळीवरील समिती आणि तिने ठेवावयाची लोक जैवविविधता नोंदवही, जिची कल्पना रुजविण्यात पुण्याचे माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. आपल्या शिवारात काय उगवते, काय पोहते, कोणत्या मुळीचा कोणता गुण वैदूला ठाऊक आहे, हे गावाने स्वतः लिहावे. ही वही म्हणजे निसर्गाचा सातबाराच.

कागद गावाच्या हाती आला की काय घडते, हे गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाने दाखवून दिले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावास सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता, म्हणजे हक्क गावाचा आणि किल्ली खात्याची. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती ठेवले, तेव्हा कोठे हक्काला बाजारभाव आला. जंगल जपण्यातला आपला फायदा ज्याला हिशेबात दिसतो तो जंगल जपतो. शाश्वत विकासाचे याहून खोल रहस्य मला तरी ठाऊक नाही.

मात्र दप्तर म्हणजे न्याय असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने गावोगावच्या नोंदवह्या पुऱ्या करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, तेव्हा वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या वह्यांचा एकदम पाऊस पडला. गावसभेत बसून लिहिलेली वही आणि मुदतीच्या धाकाने कचेरीत भरलेली वही यांचे वजन सारखे असू शकत नाही. केरळातील काणी आदिवासींनी दाखविलेल्या ‘आरोग्यपच्चा’ वनस्पतीपासून तेथील उद्यानसंस्थेने टॉनिक तयार केले, १९९५ साली त्याची अनुज्ञा एका औषधालयास दिली आणि मोबदल्यातला निम्मा वाटा काणींच्या न्यासास दिला. जगभर वाखाणला गेलेला हा प्रयोग अनुज्ञेची मुदत सरल्यावर क्षीण झाला, कारण करार झाला होता पण त्याला कायमचे पाठबळ नव्हते. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी कंपन्यांसही लाभाचा वाटा देणे बंधनकारक ठरविले. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथनिविष्ट ज्ञानाचा उपयोग करणाऱ्यांस त्यातून सूट मिळाली आणि तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी दंड आला. उद्योग सुकर व्हावा हा त्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु परक्याने नेले तर लूट आणि आपल्याच माणसाने नेले तर व्यापार, असा दुहेरी न्याय ज्याच्या रानातली मुळी जाते त्याला कसा पटावा?

आणि नियम झाले तरी सबळांनी ते आपणहून दिले असे क्वचितच घडते. २००७ साली इंडोनेशियाने पक्षिज्वराच्या विषाणूंचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याकडे पाठविणे थांबविले. नमुना आमचा, त्यावरची लस श्रीमंतांची, आणि आम्हांस ती परवडणार नाही, अशी त्या देशाची कैफियत होती. साथीच्या काळात नमुने अडवून धरणे जगाला धोक्याचे खरेच. पण त्या अडवणुकीनंतरच वाटाघाटींना वेग आला आणि २०११ साली लसउत्पादकांनी वर्षाला वर्गणी द्यावी व लसींचा काही भाग राखून ठेवावा अशी चौकट ठरली.

पण आता या साऱ्या व्यवस्थेखालची जमीनच सरकते आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर मराठी वाचकाला अपरिचित नाही. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. त्याच अल्कधर्मी पाण्यातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूची २०१० साली ‘इंडिबॅक्टर’ अशी नवी प्रजाती नोंदली गेली. शास्त्राच्या संकेतानुसार नव्या जिवाणूचा मूळ नमुना दोन निरनिराळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, तेव्हा लोणारचा हा रहिवासी परदेशी जाऊन बसला यात काही वावगे नाही. २०१३ साली सेक्टर ३९ मधल्या आपल्या संस्थेतील संशोधकांनी त्याच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. आणि असा मसुदा एकदा सार्वत्रिक झाला की कुपी मोडण्याची, मागणीपत्र लिहिण्याची, किंबहुना बुलढाण्याचे नाव घेण्याचीही आवश्यकता राहत नाही. चार अक्षरांची ती माळ जगातला कोणीही संगणकावर वाचतो आणि हवे ते जनुक आपल्या प्रयोगशाळेत घडवितो. पाणी लोणारात राहिले, कुपी कपाटात राहिली, आणि त्यांतला अर्थ तारेवरून निघून गेला. २०२४ साली कोलंबियातील काली येथे भरलेल्या जैवविविधता कराराच्या परिषदेने यावर एक उपाय सुचविला: अशा माहितीवर नफा मिळविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा शेकडा एक वा विक्रीचा हजारी एक हिस्सा एका सामाईक निधीत घालावा, आणि त्यातला निदान अर्धा आदिवासी व स्थानिक समाजांच्या वाट्यास जावा. निधी उघडला आहे. वर्गणी मात्र ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक वर्गणीवर आपल्याकडे गणेशोत्सवदेखील पुरता निभावत नाही.

यावर कवाडे लावून घ्यावीत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. याच इमटेकने हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज देशात बनविण्याचे तंत्र सिद्ध करून उद्योगाच्या स्वाधीन केले, ते जगभरच्या संशोधनाशी देवाणघेवाण ठेवूनच. देवाणघेवाण हवी, तिचा हिशेब हवा, आणि देणाऱ्यालाही तो हिशेब वाचता येईल असे शिक्षण हवे. जनुकांच्या सार्वजनिक नोंदीत उगमाचा देश लिहावयाची सोय आहेच. तीत गाव लिहिले जावे, त्या गावच्या नोंदवहीचा क्रमांक तेथे जोडला जावा, आणि एकस्वाच्या अर्जात तो सांगितल्यावाचून अर्ज पुढे सरकू नये, एवढी व्यवस्था करावयास कोणत्याही अलौकिक तंत्राची गरज नाही. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत झालेल्या करारात उगमदेश सांगण्याचे तत्त्व मान्य झालेले आहेच. देशापासून गावापर्यंतचे अंतर कापावयाचे उरले आहे.

कुपीचा गळा मिटण्यापूर्वी पुष्कळ प्रयोगशाळांतून आत कागदाची एक चिंचोळी चिठ्ठी सरकविण्याचा रिवाज आहे, म्हणजे बाहेरची खूण पुसली गेली तरी आतली ओळख शाबूत राहावी. त्या चिठ्ठीवर मावतो तो केवळ एक क्रमांक. माती कोणाची, पाणी कोठले, ते सगळे दप्तरात. मंडीतून घरी परतणारा शेतकरी आपला जे-फॉर्म दुमडून खिशात ठेवतो, कारण गहू गेला तरी त्या कागदाच्या बळावर त्याला उद्या विचारणा करता येते. लोणारच्या काठावरच्या माणसाच्या खिशात असा कागद अजून आलेला नाही.